ईव्ही अशा का दिसतात, आणि त्याचे पैसे कोण भरतं?

उद्यमबागकर

बेळगाव-कोल्हापूर रस्त्यावर आता हिरव्या पाटीच्या गाड्या रोज दिसतात. केए २२ च्या, केए २३ च्या, एमएच ०९ च्या. एक गोष्ट मला सारखी खटकते, म्हणून धागा काढतोय. यातल्या बहुतेक गाड्या उंच, रुंद, नाकाडावर या टोकापासून त्या टोकापर्यंत दिव्याची पट्टी आणि खाली अठरा-एकोणीस इंची चाकं. बॉनेटखाली इंजिन नाही, सायलेन्सर नाही, पाच-सहा गिअरचा डबा नाही. मोटर एवढी आटोपशीर, की गाडीला पाहिजे तो आकार देता येईल. तरी सगळे त्याच एसयूव्हीच्या मागं लागलेत.

माझं म्हणणं असं आहे. एसयूव्हीत कंपन्यांना जास्त पैसे सुटतात म्हणून त्या एसयूव्ही विकतात. उंच गाडीला वारा जास्त अडवतो, रेंज कमी पडते. ती भरून काढायला मोठी बॅटरी घालतात. त्यानं वजन वाढतं, किंमत वाढते आणि ती वाढीव किंमत गिऱ्हाईक भरतो. मी गाड्यांचेच पार्ट मशीनिंग करतो. दहा ग्रॅम कमी करा म्हणून ड्रॉइंग परत पाठवणाऱ्या कंपन्या गाडीचं वजन मात्र शे-दोनशे किलोंनी वाढू देतात, हे बघून वाईट वाटतं.

मतं सांगा. गाडी घ्यायच्या विचारात असलेल्यांनीही सांगा.

कॉलेजरोड_रेखाटन

काका, मी प्रॉडक्ट डिझाइन शिकते आहे. तुमचा राग पटतो, पण दोष सगळा पैशाचा नाही. बॅटरी गाडीच्या तळाशी आडवी असते. तिची जाडी धरली की बसायची फरशी दहा-बारा सेंटीमीटर वर येते. मग माणसाच्या डोक्याला जागा द्यायची तर छपरही वर न्यावं लागतं. बाजूनं बघितलं तर दार जाड आणि उंच दिसतं. त्या जाड दाराखाली पंधरा इंची चाकं लावली तर गाडी बसकी दिसते. म्हणून चाकं मोठी, म्हणून दाराखाली काळं प्लास्टिक. काळा रंग उंची खातो.

आता वाऱ्याचं. वाऱ्याला कमीत कमी अडवणारी गाडी कशी दिसते हे जगाला माहीत आहे. पुढून गोलसर, मागं लांब निमुळती होत गेलेली. जनरल मोटर्सच्या ईव्ही१ चा ड्रॅग गुणांक (वारा किती अडतो त्याचा आकडा, कमी तेवढा बरा) १९९६ मध्ये ०.१९ होता. मर्सिडीझच्या ईक्यूएसचा ०.२० आहे, ह्युंदाईच्या आयोनिक ६ चा ०.२१. ईक्यूएस आली तेव्हा लोक काय म्हणाले? साबणाची वडी. एवढी महागडी गाडी घेणाऱ्याला लांब बॉनेट पाहिजे होतं, रुबाब पाहिजे होता. इंजिनिअरनं वाऱ्याचं ऐकलं आणि गिऱ्हाइकानं तोंड फिरवलं. मग पुढची गाडी काढताना कंपनी कुणाचं ऐकेल?

मला स्वतःला महिंद्राच्या बीई ६ ची हिंमत आवडते. धारदार रेषा, जुन्या गाडीचा चेहरा उसना घेतलेला नाही. टाटाच्या कर्व्हचं मागं उतरत जाणारं छप्परही वाऱ्यासाठी बरंच आहे. पण दोन्हींच्या मागच्या सीटवर उंच माणसाला बसवून बघा आणि मागच्या काचेतून काय दिसतं तेही बघा.

टिळकवाडी_जुनेजाणते

रेवा कुणाला आठवते का? २००१ मध्ये आपल्याच बंगळुरात चेतन मैनींनी काढली होती. दोन दारं, लेड-ॲसिड बॅटऱ्या, एका चार्जमध्ये ऐंशी किलोमीटरच्या आसपास. लंडनमध्ये जी-विझ नावानं खपली. तिचं रूप बघून लोक हसायचे. पण शहरात एका-दोघांना फिरायला तेवढीच गाडी लागते, हे ज्यानं पंचवीस वर्षांपूर्वी ओळखलं त्याच्याबद्दल मला आदर आहे. आज आपण एकटा माणूस गोवावेसपासून कॅम्पात न्यायला दोन टनांची गाडी काढतो.

चोर्लाप्रेमी

वारा वारा करताय, पण आपल्याकडचे रस्ते बघा. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला, खाली साखळी. तिथं चाळीसच्या वर काटा जात नाही. वारा त्या वेगाला काय अडवणार? तिथं गाडीचं वजनच बोलतं.

हिशेब करून बघितला. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर. चार माणसांसकट गाडी १८०० किलो धरा. पणजीहून वर येताना फक्त उंची चढायला साडेतीन ते पावणेचार युनिटं लागतात, रस्त्याचा नेहमीचा खर्च वेगळा. मोटरमधला आणि बॅटरीतला तोटा धरला तर चार युनिटांच्या थोडं वर. लहान बॅटरीच्या गाडीला हे जाणवतं.

आता उतरताना गंमत. तेवढीच उंची खाली येताना मोटर जनरेटर होते आणि साठ टक्क्यांच्या आसपास परत बॅटरीत येतं. म्हणजे सव्वादोन युनिटं. पेट्रोल गाडीत हेच सगळं ब्रेकच्या डिस्कवर जळून जातं, खाली पोचल्यावर वास येतो तो त्याचाच.

कुणी विचारायच्या आत सांगतो. बॅटरी शंभर टक्के भरलेली असेल तर परत आलेली वीज ठेवायला जागा नसते आणि रीजन, म्हणजे उतारावर मोटरनं वीज परत भरणं, कमी होतं. बेळगावातून निघालं की घाट लागेपर्यंत चाळीस-पन्नास किलोमीटर होतात, तेवढ्यात जागा झालेली असते. कणकुंबीच्या आसपास कुणाच्या घरी मुक्काम करून रात्रभर चार्ज लावणाऱ्यांनी मात्र नव्वदवर थांबावं.

उद्यमबागकर

चोर्लाप्रेमी, तुमच्याच हिशेबातून माझा मुद्दा निघतो. घाट चढताना दिलेलं घाट अर्ध्याच्या वर परत देतो. वाऱ्याला दिलेलं कधीच परत येत नाही.

हायवेचा हिशेब मांडतो. एक उंच एसयूव्ही घ्या. ड्रॅग गुणांक ०.३३, समोरचं क्षेत्रफळ २.६ चौरस मीटर. ताशी १०० च्या वेगानं १०० किलोमीटर गेलात तर वाराच १० युनिटं खातो. टायरचं घर्षण साडेचार-पाच युनिटं. आता एक बुटकी सेडान घ्या, गुणांक ०.२५, क्षेत्रफळ २.२. वारा साडेसहा युनिटांत आटोपतो. फरक साडेतीन युनिटांचा, दर शंभर किलोमीटरला. बेळगाव-पुणे साडेतीनशेच्या घरात आहे, म्हणजे एका खेपेला बारा युनिटं फक्त उंचीपायी गेली. तेवढी रेंज परत मिळवायला बारा युनिटांची जादा बॅटरी घाला. बॅटरी पॅकचं वजन आजकाल युनिटामागं सहा-सात किलो पडतं. झालं ना वजन, झाली ना किंमत?

आणि वेगाचं गणित. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो. ऐंशीवरून शंभरवर गेलात की वाऱ्यावरचा खर्च दीडपटीहून जास्त होतो. संकेश्वर ते बेळगाव पट्ट्यात ऐंशीनं जाणाऱ्याला आणि शंभरनं जाणाऱ्याला एकाच गाडीत वेगवेगळी रेंज मिळते ती यानं.

निपाणीचा_ऊसवाला

तुमचा हिशेब लई भारी हाय, खरं आमच्या वस्तीवर येऊन बघा की मर्दा. गळीत सुरू झालं की डबल ट्रॉल्यांनी रस्ता पार उखडतोय. पाऊस लागला की ओढ्यावरच्या पुलावर घोट्याएवढं पाणी. तिथं तुमची वारा कापणारी बुटकी गाडी कुठं घालायची? उंच गाडी आम्ही रुबाबासाठी घेत न्हाई, तळ घासू नये म्हणून घेतोय. आनी ईव्हीचा तळ म्हंजे बॅटरी. तो घासला तर काय होतंय ते कुणीतरी सांगा.

दुसरं. तुम्ही समदे ईव्हीच्या मागं पळालाय. आमच्या भागात कारखाने किती हायत बघा, संकेश्वरच्या हिरण्यकेशीपासून अथणीपर्यंत. इथेनॉल आमच्या रानातनं निघतंय. पेट्रोलमध्ये २० टक्के झालंय, ते शंभरापर्यंत जाऊ द्या. २०२३ ला गडकरी साहेबांनी फ्लेक्स फ्युएलवरची, म्हंजे इथेनॉलवरबी चालणारी, इनोव्हा दाखवली होती. पैसा गावात ऱ्हातोय, बाहेरच्या देशाला जात न्हाई.

शहापूरकरीण

ऊसवाले दादांच्या उंचीच्या मुद्द्याला माझा पूर्ण पाठिंबा. ग्राउंड क्लिअरन्स आणि छपराची उंची या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मात्र कंपन्या सोयीनं विसरतात. तळ जमिनीपासून वर ठेवा आणि छप्पर उगाच वर नेऊ नका, एवढंच मागणं.

मला दिसण्यातल्या ज्या गोष्टींचा राग येतो त्या वेगळ्याच आहेत. दाराच्या पत्र्यात लपलेल्या मुठी. वाऱ्याचा विरोध त्यानं कितीसा कमी होतो? अगदी थोडा. पण अपघातात वीज गेली आणि मूठ बाहेरच आली नाही, तर बाहेरच्या माणसानं दार कसं उघडायचं? चीनच्या सरकारनं २०२५ मध्ये याच कारणानं नियमांचा मसुदा काढला की दार आतून-बाहेरून यांत्रिक मुठीनंही उघडलं पाहिजे. आपल्याकडे मात्र शोरूममध्ये मूठ सरकत बाहेर येते ती कौतुकानं दाखवतात.

तसंच पडद्याचं. एसीचा पंखा कमी करायला पडद्यावर तीन वेळा बोट लावायचं, तेही कपिलेश्वर उड्डाणपुलावर दोन्ही बाजूंनी रिक्षा घुसत असताना. गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या युरो एनकॅप या संस्थेनं २०२६ पासून इंडिकेटर, हॉर्न, वायपर, धोक्याचे दिवे यांना खरी बटणं नसतील तर गुण कापायचं ठरवलं आहे. बटण काढून पडदा लावणं कंपनीला स्वस्त पडतं, आणि विकताना तेच आधुनिक म्हणून महाग लावतात. मी रोज गाडी चालवते, मला रस्त्यावरची नजर न हलवता हाताला लागणारं बटण पाहिजे.

खानापूरचे_सर

ऊसवाले, तुमच्या इथेनॉलबद्दल आकडे मांडतो, रागावू नका. मी विज्ञान शिकवतो, तुमच्याच भागातल्या उसावर शिकलेलो आहे.

एकरी ४० टन ऊस धरा. रसापासून थेट इथेनॉल केलं तर टनाला ७० लिटरच्या आसपास. म्हणजे एकरी २८०० लिटर. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा एक तृतीयांश ऊर्जा कमी, म्हणून पेट्रोलवर पंधरा देणारी गाडी त्यावर दहा-अकरा देईल. एका एकरावर गाडी वर्षाला अठ्ठावीस-तीस हजार किलोमीटर पळाली.

त्याच एका एकरावर सोलर बसवलं. एका मेगावॉटला चार-पाच एकर लागतात, म्हणजे एकरी २०० किलोवॉट तरी बसतं. आपल्याकडच्या उन्हात वर्षाला तीन लाख युनिटं. ईव्हीला किलोमीटरमागं ०.१५ युनिट लागतं. वीस लाख किलोमीटर झाले. चार्जिंगमधला आणि तारांमधला तोटा म्हणून एक चतुर्थांश काढून टाका, तरी पंधरा लाख. पन्नासपट.

कारण साधं आहे. पान सूर्यप्रकाशातली फार थोडी ऊर्जा साखरेत बांधतं, आणि इंजिन त्यातलीही पाऊण उष्णता म्हणून बाहेर टाकतं. पॅनल वीस टक्क्यांच्या आसपास पकडतं आणि मोटर त्यातलं नव्वद टक्के चाकाला देते. शिवाय उसाला पाणी किती लागतं हे घटप्रभा आणि हिरण्यकेशीच्या काठावर राहणाऱ्याला मी सांगायला नको.

निपाणीचा_ऊसवाला

सर, आकडा बरोबर असंल. खरं उसाच्या त्याच एकरातनं जनावरांला वाडं निघतंय, बगॅसवर कारखाना चालतोय आनी वीजबी विकतोय, मळीचं खत होतंय, तोडणीवाल्यांच्या टोळ्या जगत्यात. सोलर बसिवलं की एक राखणदार आनी पॅनल धुवायला एक पंप. बिल मिळंल रानमालकाला, बाकीच्या गावानं काय करायचं? आनी वीस लाख किलोमीटर पळायला तेवढ्या गाड्या गावात हायत कुठं? तुम्ही गाडीची कार्यक्षमता मोजालाय, मी गावाची मोजालोय.

तरी एक सांगतो. माझ्या विहिरीच्या शेडवर सोलर हाय. दुपारचं ऊन वाया जातंय. त्यावर गाडी चार्ज होत असंल तर मला नको हाय असं न्हाई.

खानापूरचे_सर

गावाची कार्यक्षमता हा शब्द मी उद्या वर्गात वापरणार आहे. शेडवरच्या सोलरचं मात्र थांबवू नका. पंपाचा सोलर कंट्रोलर आणि घरची वीज या वेगळ्या जोडण्या असतात, गाडीला सरळ सरळ लावता येत नाही. ग्रिडला जोडलेला इन्व्हर्टर लागतो. परवानगीसाठी हेस्कॉमकडे, म्हणजे आपल्या वीज कंपनीकडे, अर्ज करून घ्या.

तवंदीघाट

मध्येच एक माहिती, कारण दोन्हीकडच्या लोकांचा गोंधळ होतो. महाराष्ट्रानं ईव्हीला टोलमाफी दिली आहे ती अटल सेतू, मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे आणि समृद्धीसाठी. कोगनोळी आणि हत्तरगीला हिरवी पाटी असली तरी टोल कापला जातो. आणि कर्नाटकात २०२४ पासून २५ लाखांच्या वरच्या ईव्हीला १० टक्के आजीवन कर आहे. 'ईव्हीला टॅक्सच नाही' असं शोरूमवाला म्हणाला तर ऑन-रोड किंमत कागदावर लिहून मागा.

चोर्लाप्रेमी

उद्यमबागकर, तुम्ही मशीनिंगमध्ये आहात म्हणून विचारतो. ईव्ही वाढल्या तर उद्यमबाग आणि मच्छेच्या फौंड्र्यांचं काय? माझा मेहुणा एका फौंड्रीत मोल्डिंगला आहे. घरात हाच विषय असतो.

उद्यमबागकर

हा प्रश्न कुणीतरी विचारेल अशी वाटच बघत होतो. जरा सविस्तर लिहितो.

डिझेल-पेट्रोल गाडीत आपल्या गावाचं काय जातं ते मोजा. सिलिंडर ब्लॉक, हेड, क्रँकशाफ्ट, कॅमशाफ्ट, फ्लायव्हील, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, टर्बोचं घर. हे सगळं ईव्हीत नाही. कमी होत नाही, नाहीच. ज्याचा सगळा धंदा कारच्या इंजिनावर आहे त्यानं आजच विचार करायला हवा.

काय राहतं? ब्रेक डिस्क, ड्रम, स्टिअरिंग नकल, हब, सस्पेन्शनचे आर्म, डिफरन्शियलचं घर. गाडी जड झाली म्हणून यातले काही पार्ट उलट जास्त मजबूत लागतात. डिस्कची झीज मात्र रीजनमुळं कमी होते, म्हणजे नवीन गाडीला डिस्क लागेल पण बदलायला येणारी गिऱ्हाइकं घटतील. हा फटका कुणी धरत नाही. सुट्या पार्टच्या बाजारावर जगणारी लहान युनिटं आपल्याकडे बरीच आहेत.

आपलं नशीब एवढं, की बेळगाव फक्त कारवर उभं नाही. ट्रॅक्टर, पंप, व्हॉल्व्ह, हायड्रॉलिक्स, खोदकामाची यंत्रं, हत्तरगीकडचं एरोस्पेसचं काम. नांगरणीच्या ट्रॅक्टरचं डिझेल लवकर सुटणार नाही. म्हणून मेहुण्यांना सांगा, घाबरायला नको, पण अॅल्युमिनियम शिकून घ्या.

कारण ईव्हीत जे नवीन येतं ते बहुतेक अॅल्युमिनियममध्ये येतं. मोटरचं घर, इन्व्हर्टरचा डबा, बॅटरीच्या पेटीच्या कडा. मोटरच्या घरात पाणी फिरवायला पोकळी असते, ती एका बारीक छिद्रानंही गळून चालत नाही. लोखंड आपण १४०० अंशांच्या आसपास ओततो, अॅल्युमिनियम ७०० च्या. भट्टी वेगळी, साचा वेगळा, वायू अडकून राहायची दुखणी वेगळी. हिरव्या वाळूत, म्हणजे ओल्या वाळूच्या साच्यात, हात बसलेला माणूस हुशार असला तरी प्रेशर डाय कास्टिंगच्या (दाबानं धातू पोलादी साच्यात भरायच्या) मशीनवर त्याला नव्यानं उभं राहावं लागतं. प्रत्येक नगाची गळती तपासायची यंत्रं लागतात. भांडवल लागतं.

आणि इथं कंपन्यांच्या वागण्यावर बोललं पाहिजे. मोठ्या कंपन्या पुरवठादाराला दरवर्षी किंमत उतरवून मागतात. नवीन पार्टची डाय, म्हणजे पोलादी साचा, तुम्ही करा म्हणतात, आणि किती नग घेणार याची हमी देत नाहीत. मॉडेल चाललं नाही तर डाय आमच्या शेडमध्ये गंजते. ईव्हीत मॉडेल पटापट बदलतात, त्यामुळं हा धोका दुप्पट झालाय. वर काही कंपन्यांनी अख्खा मागचा तळच एका ओतकामात काढायला सुरुवात केली. टेस्लानं २०२० पासून मॉडेल वायमध्ये सत्तरच्या आसपास तुकड्यांच्या जागी एक-दोन मोठी कास्टिंगं आणली, त्यासाठी ६००० टनांचे प्रेस बसवले. वजन कमी झालं, वेल्डिंग वाचलं, हे खरंच कौतुकाचं काम आहे. पण त्या सत्तर तुकड्यांवर सत्तर ठिकाणची दुकानं चालायची. आणि अपघातात तो एकच तुकडा तडकला तर दुरुस्त काय करणार?

गाडीचं रूप, तिची कार्यक्षमता आणि ती कोण बनवतं हे तीन वेगळे विषय नाहीत, हे मला एवढ्यासाठीच सांगायचं होतं. हलकी, साधी, बुटकी गाडी काढली तर बॅटरी लहान लागते, मोटर लहान लागते, आणि तिचे पार्ट उद्यमबागेतल्या मध्यम शेडमध्येही होतात. दोन टनांची गाडी काढली की सगळं मोठ्या प्रेसवाल्याच्या हातात जातं.

कॉलेजरोड_रेखाटन

मोटरमधल्या चुंबकांचंही लिहा ना काका. एप्रिल २०२५ मध्ये चीननं दुर्मीळ मृदा चुंबकांच्या निर्यातीवर बंधनं घातली आणि आपल्याकडच्या कंपन्यांची धावपळ झाली. बीएमडब्ल्यू आणि रेनो चुंबकाशिवायच्या, तांब्याच्या गुंडाळीच्या रोटरवर चालणाऱ्या मोटरी वापरतात. थोड्या मोठ्या होतात, पण गाडीत जागा आहे. दिव्याच्या पट्टीवर खर्च होणारी बुद्धी इकडे लागावी असं मला मनापासून वाटतं.

खानापूर_जंगलवाट

ऊसवाल्यांनी तळ घासला तर काय, असं विचारलं होतं. माझ्या भावाच्या गाडीचा घासला. हेमाडग्याच्या बाजूला, रस्त्यात आलेला दगड. गाडी चालत होती, रेंज तीच, कुठला दिवा लागलेला नाही. सर्व्हिस सेंटरला दाखवली तर पेटीच्या पत्र्याला चेपा आहे म्हणून अख्खा पॅक बदलायला सांगितला, आकडा गाडीच्या जवळपास निम्म्या किमतीचा. आतले सेल तपासून अहवाल द्या म्हटलं तर पेटी उघडायची परवानगी आमच्याकडे नाही म्हणाले. कुठली कंपनी ते इथं लिहीत नाही, प्रकरण अजून विम्याकडे आहे.

मुद्दा एका कंपनीचा नाहीच. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानं २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल काढलं, त्यात वाहनंही धरली आहेत. पण पेटी उघडून एक मॉड्यूल बदलता येईल अशी रचनाच केली नसेल तर पोर्टल काय करणार? रूप ठरवताना, वजन ठरवताना, दुरुस्ती कशी होईल हेही त्याच टेबलावर ठरलं पाहिजे. युरोपनं २०२३ च्या कायद्यात बॅटरीला पासपोर्ट आणलाय, २०२७ पासून लागू होईल. बॅटरीत काय आहे, तिची तब्येत कशी आहे, सगळं नोंदलेलं. जुनी ईव्ही विकताना आपल्याकडे हाच कागद नसतो, आणि म्हणून भाव पडतो.

घेणाऱ्यांना एवढंच सांगतो. विम्यात बॅटरीच्या तळाचं नुकसान धरलंय का, ते वाचल्याशिवाय सही करू नका.

टिळकवाडी_जुनेजाणते

रेंजच्या आकड्यांबद्दल कुणीच बोललं नाही. आपल्याकडची प्रमाणित चाचणी ताशी ९० च्या वर जातच नाही, आणि तीही थोडाच वेळ. बाकी सगळी शहराची हळू चाल. म्हणून कागदावरचा आकडा फुगतो. कर्व्ह ईव्हीचा कागदी आकडा ५८५ किलोमीटर होता. त्याच कंपनीनं सोबत ४०० ते ४२५ असा प्रत्यक्षातला आकडा छापला, हे मला आवडलं. सगळ्यांनी असंच छापावं. दक्षिण कोरियात २०२३ मध्ये थंडीतली घटलेली रेंज सांगितली नाही म्हणून टेस्लाला दंड झाला. डिझेलच्या धुराचे आकडे सॉफ्टवेअरनं लपवल्याबद्दल २०१५ मध्ये फोक्सवॅगन पकडली गेली, तेव्हा आम्ही सगळे चिडलो होतो. रेंजच्या बाबतीत ती चीड कुठं गेली?

तवंदीघाट

आणि वीज कोळशाची, म्हणून ईव्ही स्वच्छ नाही, असं म्हणणाऱ्यांसाठी. देशाची सरासरी युनिटामागं ०.७ किलोच्या थोडं वर कार्बन डायऑक्साइड. ईव्हीला तोट्यासकट किलोमीटरला ०.१७ युनिट धरा, १२० ग्रॅम झाले. लिटरला सोळा देणारी पेट्रोल गाडी नळीतूनच १४० च्या वर सोडते, रिफायनरी वेगळी. फरक आज मध्यम आहे, आणि कर्नाटकात पवन, जल आणि पावगडचं सोलर धरलं तर वाढतो. पण दोन टनांची ईव्ही विरुद्ध लहान हॅचबॅक अशी तुलना केलीत तर फरक जवळपास पुसला जातो. उद्यमबागकरांचा मुद्दा इथंही लागू पडतो.

संकेश्वरी

नमस्कार. धागा पूर्ण वाचला. मी गाडी घ्यायच्या टप्प्यात आहे, एकाच मॉडेलच्या दोन आवृत्त्यांत अडकलोय. एकीला १७ इंची चाकं, दुसरीला १९ इंची आणि दिव्याची पट्टी, दीड लाख जास्त. बॅटरी तीच. रोज संकेश्वर-बेळगाव जाऊन-येऊन शंभरच्या आसपास. घरी पंधरा अँपिअरचा पॉइंट आहे. मुलांना एकोणीसवाली पाहिजे.

उद्यमबागकर

१७ वाली घ्या. मोठं चाक जड असतं, टायर सहसा रुंद असतो, रेंज खातो. शिवाय टायरची भिंत बारीक होते, सर्व्हिस रोडच्या खड्ड्यात अलॉय वाकतो. टायर बदलायला आले की किमतीतला फरकही विचारून बघा. मुलांना सांगा, दीड लाखात तुमच्या तीन-चार वर्षांच्या चार्जिंगचं बिल निघतं.

चोर्लाप्रेमी

आणि स्टेपनी बघा. डिक्कीचा तळ उघडून स्वतःच्या डोळ्यांनी बघा. बऱ्याच ईव्हींत पंक्चर किट देऊन भागवतात. टायर फाटला तर किटचा उपयोग नाही. जास्तीचं चाक विकत मिळत असेल तर बुकिंगच्या वेळीच किमतीत बसवून घ्या, नंतर कुणी ऐकत नाही.

खानापूरचे_सर

पंधरा अँपिअरवर ३.३ किलोवॉट धरा. तुमची रोजची पंधरा-सतरा युनिटं पाच-सहा तासांत भरतात, रात्र पुरते. पण एवढा वेळ सलग भार असतो, म्हणून मीटरपासून थेट ४ चौरस मिलीमीटर तांब्याची वेगळी तार ओढा आणि तिला स्वतंत्र एमसीबी लावा. जुना गिझरचा पॉइंट वापरू नका, प्लग वितळतो. अर्थिंग नीट नसेल तर चार्जर चालूच होत नाही आणि लोक गाडीला दोष देतात. गाडी यायच्या आधी वायरमनकडून अर्थिंग मोजून घ्या. मार्च-एप्रिलात जमीन वाळली की खड्ड्यात आठवड्याला बादलीभर पाणी ओतायचं.